अकराशे व्होल्टची वायर, बारा व्होल्टची गाडी

वायर ती वायर, तिला घर काय आणि गाडी काय, असं ठासून सांगणारे एक गृहस्थ आमच्या रिहे गावात आहेत. त्यांचं ऐकून पोरं ट्रॅक्टरला, पिकअपला घरफिटिंगमधली उरलेली वायर लावतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या वायरवर ११०० व्होल्ट छापलेलं असतं, गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे वायर नव्वदपट भारी. शिवाय गाडीची वायर महाग आणि ती आणायला पिरंगुट गाठावं लागतं.

हिशेबाचा आकडाच चुकीचा धरलाय. ११०० व्होल्ट ही आवरणाची ताकद झाली. वायर करंट किती सोसेल हे तांब्याच्या जाडीवर ठरतं, आणि करंट बारा व्होल्टलाच जास्त लागतो. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब घ्या. घरात २३० व्होल्टवर एवढ्या वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही. गाडीत नऊच्या वर लागतो. बॅटरीपासून स्विच आणि तिथून दिवा, सहज पाच मीटर वायर भरते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला एवढ्या लांबीत साधारण ०.०९ ओहम रोध असतो, म्हणजे पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जिरला. २३० मधला एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. बारातला गेला तर हॅलोजनचा उजेड पाव हिश्शाने कमी होतो, कारण व्होल्ट थोडे उतरले तरी उजेड फार उतरतो. मग आषाढातल्या पावसात घोटावड्याच्या रस्त्यावर पुढचं दिसेना की पोरगा बल्बला दोष देतो आणि १०० वॅटचा बसवतो. करंट जवळजवळ दुप्पट, वायर तीच. ती तापणार नाही तर काय होणार?

‘बारा व्होल्टचा झटका बसत नाही, मग भीती कसली?’ हे त्यांचं दुसरं वाक्य. झटका बसत नाही म्हणून आगही लागत नाही, असं मानणाऱ्याने शॉर्ट झालेली बॅटरी कधी पाहिली नसावी. ती शेकडो अँपिअर ओकते. घरात एमसीबी पडतो. इथे टर्मिनलवरून थेट ओढलेल्या वायरला फ्यूजच नसतो. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्यावरून मी पूर्वीही भांडलो आहे. तेव्हा उत्तर मिळालं, ‘गाडी घरी तर पोचली ना!’ पोचली. पुढच्या खेपेला पोचेलच याची हमी कुणी दिली नाही.

बाकीचं थोडक्यात. एकच जाड तार असलेली वायर गाडीच्या थरथराटाने तुटते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते. ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते. घरच्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांसाठी असतं, गाडीची चांगली पातळ आवरणाची वायर १०५ अंशांपर्यंत चालते. दोन्ही सारख्याच असत्या तर घरच्या वायरला आयएस ६९४ आणि मोटारगाडीच्या वायरला आयएस २४६५ अशी दोन वेगळी मानकं कशाला लागली असती? लावणी उरकल्यावर एका ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलेलं पाहिलं. सायलेन्सरजवळून घरची लाल वायर नेलेली होती. आवरण ताठ झालेलं, बोटाने वाकवलं की तडकत होतं, आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं.

घरची वायरही तांब्याचीच, आणि मल्टीस्ट्रँड असेल तर थरथराटातही टिकते, हे मला मान्य आहे. पण उष्णता आणि डिझेल सोसायला तिचं आवरण बनवलेलंच नाही. म्हणून दुकानात ‘ऑटो’ वायर मागून घ्या आणि तिच्यावरची छपाई वाचा. हेडलाइटला किमान १.५ चौरस मिलिमीटरची घ्या, लांब पल्ल्याला २.५ ची. दिव्यांना रिले लावा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा. सांध्याला पीळ देऊन टेप गुंडाळू नका, थिंबल दाबून लावा. आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज: १.५ च्या वायरला १५ अँपिअरचा. तो वारंवार उडत असेल तर आधी शॉर्ट शोधा, लोड जास्त असेल तर जाड वायर टाका, पण त्याच वायरवर ३० चा बसवू नका.