सवलत ही मेहेरबानी नव्हे

मार्च २०१० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या केबिन कर्मचाऱ्यांनी दोन टप्प्यांत मिळून सात दिवस संप केला. संपाच्या दिवसांचे वेतन कापले जाणार, याची त्यांना कल्पना होतीच. जगातील कोणत्याही संपकऱ्याला ती असते. परंतु व्यवस्थापनाने त्यांना त्यापुढचीही एक शिक्षा सुनावली. कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांना अत्यल्प दरात मिळणारी विमान प्रवासाची सवलत संपकऱ्यांपुरती कायमची रद्द करण्यात आली. ज्यांनी संपाकडे पाठ फिरवली त्यांचे पास कायम राहिले. एकाच विमानात खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पडले, एक पासधारकांचा आणि दुसरा पास गमावलेल्यांचा. संप काही दिवसांत संपला, पण या शिक्षेतून निर्माण झालेले वैर पुढे वर्षभराहून अधिक काळ धुमसत राहिले. मालक आणि कामगार या दोघांनीही या प्रकरणापासून काही शिकण्यासारखे आहे.

वादाचे मूळ कारण वेगळेच होते. २००८ च्या जागतिक मंदीने विमान व्यवसायाचे कंबरडे मोडले. मार्च २००९ अखेरच्या वर्षात ब्रिटिश एअरवेजला ४० कोटी १० लाख पौंडांचा तोटा झाला आणि पुढील वर्षी तो ५३ कोटी १० लाखांवर गेला. खर्च कमी करणे भागच होते. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीने हीथ्रोहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरील कर्मचाऱ्यांची संख्या पंधरावरून चौदावर आणली. संघटनेची संमती न घेता हा बदल लादला गेला, ही कर्मचाऱ्यांची तक्रार होती. कंपनी वाचवायची तर कोणीतरी कठोर निर्णय घ्यायलाच हवा, हे तत्कालीन मुख्याधिकारी विली वॉल्श यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. अशा वेळी शहाणपण असते ते एकत्र बसून बोलण्यात, आणि नेमके तेच घडले नाही.

संघटनेचे वागणे तरी निर्दोष होते काय? तसे म्हणता येणार नाही. डिसेंबर २००९ मध्ये ऐन नाताळात बारा दिवसांचा संप पुकारण्यात आला. मतदानात ९२ टक्क्यांहून अधिक सभासदांनी संपाला कौल दिला होता. परंतु जे कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन कंपनी सोडत होते, त्यांनाही मतपत्रिका गेल्याचे निष्पन्न झाले आणि न्यायालयाने तो संप रोखला. वर्षभर पै पै साठवून सणासाठी आईवडिलांकडे निघालेल्या लाखो प्रवाशांच्या मनात त्या दिवसांत संघटनेविषयी कोणती भावना निर्माण झाली असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. समाजाची सहानुभूती हीच कामगार चळवळीची खरी शक्ती असते. सणासुदीला प्रवाशालाच ओलीस धरणारी संघटना ती शक्ती आपल्या हाताने गमावून बसते.

परंतु संघटनेची चूक मान्य केली तरी व्यवस्थापनाचे शस्त्र न्याय्य ठरत नाही. ते समजण्यासाठी पास म्हणजे काय, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. विमान कर्मचाऱ्याचा पास म्हणजे राखीव आसन नव्हे. पैसे भरून येणारे सर्व प्रवासी बसल्यावर जागा उरली तरच पासधारकाला विमानात प्रवेश मिळतो. न उरल्यास तो सामानासह विमानतळावर पुढच्या उड्डाणाची वाट पाहत बसतो. उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या, हे बहुतेक ठिकाणी सेवाज्येष्ठतेवर ठरते. विमानाने एकदा जमीन सोडली की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. कालची भाजी आज निदान निम्म्या भावाने तरी विकता येते, कालचे आसन मात्र आज विकता येत नाही. म्हणजे कंपनीला ही सवलत जवळपास फुकटात पडते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचे मोल फार मोठे असते. गावी आजारी असलेल्या आईला भेटायला जाणे असो वा मुलाबाळांना वर्षातून एकदा जग दाखवणे असो, बेताच्या पगारात हे सारे या पासामुळेच शक्य होते. ब्रिटिश एअरवेजचे काही कर्मचारी तर इंग्लंडबाहेर राहून पासच्या आधारे कामावर ये-जा करीत. त्यांचा पास जाणे म्हणजे नोकरीची वाटच बंद होणे होते.

पास हा करारातील हक्क नाही, तो कंपनीच्या मर्जीचा भाग आहे, असा व्यवस्थापनाचा युक्तिवाद होता. कायद्याच्या काटेकोर भाषेत कदाचित तो टिकेलही. पण समाजजीवन केवळ करारांवर चालते काय? नोकरी स्वीकारताना माणूस पगाराच्या आकड्याबरोबर या सवलतीचाही हिशेब मनात मांडत असतो. कमी पगारात तो समाधान मानतो, कारण पास मिळणार हे त्याला ठाऊक असते. पिढ्यान्‌पिढ्या दिली गेलेली वस्तू कागदावर नसली तरी परंपरेने हक्कच होते. आपल्याकडे दिवाळीच्या बोनसचे काय झाले? एकेकाळी मालकाच्या खुशीचा मानला जाणारा बोनस लांबलेला पगारच आहे, ही भूमिका कामगारांनी चिकाटीने मांडली आणि अखेर १९६५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. जे घामातून कमावलेले आहे त्याला बक्षिसी म्हणणे हा कामगाराचा अपमान आहे.

पास काढून घेण्याचा परिणाम काय झाला, हेही पाहण्यासारखे आहे. मे आणि जून २०१० मध्ये कर्मचारी आणखी पंधरा दिवस संपावर गेले. एकूण बावीस दिवसांच्या संपाने कंपनीला सुमारे १५ कोटी पौंडांची झळ बसली. मूळ मुद्द्यांवर तडजोड दृष्टिपथात आली तरी पासचा प्रश्न अडून बसला. व्यवस्थापनाने पास परत देण्याची तयारी दाखवली, पण संपकऱ्यांची सेवाज्येष्ठता गेलेली राहील, असे म्हटले. वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने काल लागलेल्या मुलाच्या मागे रांगेत उभे राहावे, असा त्याचा अर्थ होता. ते कोणता स्वाभिमानी माणूस मान्य करील? पुढे वॉल्श यांच्या जागी कीथ विल्यम्स आले, संघटनेचे नेतृत्वही बदलले, आणि मे २०११ मध्ये समझोता झाला. त्यात प्रवास सवलत पूर्ववत देण्यात आली. जून २०११ मध्ये ९२ टक्के सभासदांनी तो समझोता स्वीकारला. जे अखेरीस परत द्यायचेच होते, ते काढून घेऊन कंपनीने साधले काय? सव्वा वर्षाची कटुता, कोट्यवधी पौंडांचे नुकसान आणि सहकाऱ्या-सहकाऱ्यांत पडलेली दरी.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे झाले असते. पण चाबूक एकदा हातात आला की तो खाली ठेवणे कठीण जाते. कंपनीने नव्या भरतीसाठी कमी पगाराचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग उभा केला होता. तो २०१७ मध्ये पगारासाठी संपावर गेला, तेव्हाही संपकऱ्यांच्या सवलतींवर गदा आली. तोच वाद पुन्हा आणि तीच कटुता पुन्हा! विशेष म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अन्य क्षेत्रातील एका प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. कायदेशीर संपात भाग घेतल्याबद्दल बडतर्फीखेरीज अन्य शिक्षा झाल्यास कर्मचाऱ्याला त्या देशाच्या कायद्यात संरक्षण नाही, आणि ही उणीव मानवी हक्कांशी विसंगत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. भांडवलशाहीच्या माहेरघरातच उशिरा का होईना हा विचार रुजतो आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आपल्या देशाला हा विषय परका नाही. १९७४ च्या मे महिन्यात झालेल्या रेल्वे संपात कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना रेल्वेच्या वसाहतींतून बाहेर काढण्यात आले, ही आठवण आजही अनेक घरांत ताजी आहे. संपावर गेला तो कर्मचारी, बेघर झाली ती त्याची बायकामुले. मुंबईकरांनी अलीकडे कालिन्यातही काहीसे असेच चित्र पाहिले. एअर इंडियाचे निर्गुंतवणुकीकरण होणार हे निश्चित झाल्यावर, ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील वसाहतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना ठरावीक मुदतीत घरे सोडण्यास सांगण्यात आले. संघटनांनी संपाची नोटीस दिली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटा समूहाकडे गेली. १९५३ मध्ये सरकारने घेतलेली संस्था जे. आर. डी. टाटांच्या घराण्याकडे परतली, याचा आनंद देशाला झाला आणि तो योग्यही होता. परंतु ज्यांचे अर्धे आयुष्य त्या वसाहतीत गेले, त्यांच्या दारातील निरोपाचे क्षणही विसरता कामा नयेत.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या अनेक केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. उड्डाणे रद्द झाली, प्रवासी अडकले आणि कंपनीने काही जणांना तडकाफडकी काढून टाकले. परंतु केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर दोन्ही पक्ष बसले आणि ९ मे रोजी मार्ग निघाला. कर्मचारी कामावर परतले, काढलेल्यांना परत घेण्याचे कंपनीने मान्य केले. तेथील संघटना भारतीय मजदूर संघाशी संलग्न होती. लंडनमध्ये ज्या गोष्टीला सव्वा वर्ष लागले, ती दिल्लीत काही दिवसांत झाली. आजारपणाच्या नावाखाली काम बंद करणे प्रशंसनीय नव्हतेच. परंतु चूक झाली तरी ती पोटात घालून पुढे जाण्याचे शहाणपण दोघांनीही दाखवले.

कामगार संघटनांनीही एक कटू सत्य पचवले पाहिजे. कंपनी उडत असेल तरच पासला अर्थ असतो. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. त्या दिवशी हजारो कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार कागदावर राहिले आणि पासचा कागदही निरुपयोगी झाला. एअर इंडियातील वैमानिकांच्या एका गटाने २०१२ मध्ये ५८ दिवस काम बंद ठेवले. विलीनीकरणानंतर नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण कोणत्या गटाला मिळावे, हा तेव्हाचा कळीचा मुद्दा होता. आधीच कर्जात बुडालेल्या सरकारी कंपनीला, म्हणजे पर्यायाने करदात्याला, त्याची किंमत मोजावी लागली. आपल्याच सहकाऱ्याला संधी मिळू नये यासाठी केलेला संप ही कामगार एकजूट नव्हे, तो कामगार एकजुटीचा पराभव आहे.

वर्धा जिल्ह्यातील आर्वीत जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा वर्गसंघर्षाची भाषा शिगेला पोहोचली होती. उद्योग हे एक कुटुंब आहे, अशी वेगळी मांडणी त्यांनी पुढे आणली. कुटुंबात भांडणे होत नाहीत असे नाही. मुलगा वडिलांशी भांडतो, प्रसंगी जेवणाच्या ताटावरून उठूनही जातो. परंतु म्हणून त्याला उद्यापासून या घरात ताट नाही, असे कोणी म्हणत नाही. आणि मुलगाही रागाच्या भरात घराला आग लावत नाही. व्यवस्थापन आणि कामगार या दोघांनाही ही मर्यादा लागू आहे.

पास हा कागदाचा लहानसा तुकडा, पण तो कर्मचाऱ्याला सांगत असतो की, हे विमान तुझेही आहे. तो निरोप मागे घेणाऱ्या कंपनीने त्याच कर्मचाऱ्याकडून प्रवाशांपुढे हसतमुखाने उभे राहण्याची अपेक्षा कशी करावी? संपाच्या दिवसांचा पगार जरूर कापावा, तो न्यायच आहे. गैरवर्तन झाले असेल तर चौकशी करून शिक्षा द्यावी. परंतु कष्टाने मिळवलेली सवलत हिरावून संपकऱ्याच्या बायकामुलांना दंड करण्याचा मोह टाळावा. आणि संघटनांनीही सण, प्रवासी आणि संस्थेचे आयुष्य यांचे भान राखून संपाचे हत्यार अखेरचा उपाय म्हणूनच उचलावे. उद्योग टिकतात ते परस्परांवरील विश्वासावर, आणि तो विश्वास एकदा काढून घेतला की कोणत्याही समझोत्याने पूर्ववत करता येत नाही.