खत दिले, तरी पाने पिवळी?

नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत तर वेळेवर दिलेले! मातीविना लावलेल्या रोपांत अशा वेळी दोष बहुधा द्रावणाच्या सामूचा, म्हणजे पीएचचा असतो. तो ५.५ ते ६.५ हवा. ७ च्या वर गेला, की लोह द्रावणात घातलेले असूनही मुळांना मिळत नाही.

दिल्लीच्या हिंदूराव भागात चंद्रावल केंद्रातून यमुनेचे पाणी येते. ते कमी पडले म्हणून बोअरिंगचे जड पाणी वापरले, तर त्यातील बायकार्बोनेट सामू पुन्हा पुन्हा वर चढवते. लिंबू पिळून तो उतरतो खरा, पण लिंबातले आम्ल जिवाणू खाऊन टाकतात आणि चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न! त्यापेक्षा निम्मे पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी मिसळावे. (आरओतून वाया जाणारे नव्हे, त्यात क्षार अधिकच असतात.)

द्रावण आधीच करून ठेवायचे असेल, तर कॅल्शियम नायट्रेटची बाटली वेगळी ठेवावी. घट्ट द्रावणात ते फॉस्फेट-सल्फेटला भेटले, की तळाशी पांढरा साका बसतो आणि सामूही हलतो. वापराच्या दिवशी एक बाटली भरपूर पाण्यात ढवळून मगच दुसरी घालावी. सामूची पट्टी बुडवायची ती सगळ्यांत शेवटी.