भिकूचे भक्त, भाऊचा फ्लेक्स

गुंड भिकू म्हात्रे खडकावर उभा राहून 'मुंबईचा राजा कोण?' असा समुद्राला दम देतो, तेवढाच 'सत्या' सिनेमा आमच्या पोरांनी पाहिलाय. उरलेले अडीच तास कुठे गेले?

नांदेडचं वजिराबाद घ्या नाहीतर लातूरची गंजगोलाई. कुठल्याही दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. काळा गॉगल, बोटभर जाड चेन, खाली 'किंग' आणि वर हात जोडलेले साहेब. अरे बाबांनो, भिकूला मारतो कोण? पोलीस मारत नाहीत, दुसरी टोळीही मारत नाही. मारतो तो गोविंद नामदेव यांनी उभा केलेला भाऊ, त्याचाच पुढारी. निवडणूक जिंकलेली, सगळे हसतायत आणि भिकूच्या डोक्यात गोळी! मुंबईचा राजा कोण, याचं उत्तर सिनेमानं तिथं दिलंय. आणि तुम्ही त्याच भाऊला स्वतःच्या डोक्यावर छापता? अज्ञानाचं इतकं जाहीर प्रदर्शन मी दुसरं पाहिलेलं नाही.

तो खडकावरचा रुबाबसुद्धा अभिनय होता. भिकू झालेल्या मनोज वाजपेयीला उंचीची भीती वाटते, हे त्यानं स्वतःच सांगितलंय.

३ जुलै १९९८ ला आलेला हा सिनेमा घडवणाऱ्यांकडे दरारा नव्हता, नजर होती. दिग्दर्शक रामगोपाल वर्मा हैदराबादचे. लेखक दोन: पंचविशीतला अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला, जे स्वतःच भिकूच्या टोळीतले कल्लू मामा झाले. कॅमेऱ्यामागे मझहर कामरान आणि अमेरिकेहून आलेला जेरार्ड हूपर. उर्मिला मातोंडकर सोडली तर पडद्यावर नाव घ्यावं असा स्टार नाही. सिनेमाचं काम चालू असतानाच, १२ ऑगस्ट १९९७ ला, कॅसेट कंपनीचे मालक गुलशनकुमारांची अंधेरीत भरदिवसा हत्या झाली. गोळी झाडली की माणूस मरतो आणि मागं घर उरतं, हे या मंडळींना शिकवावं लागलं नाही. म्हणूनच भिकूला बायको आहे, शेफाली शाहची प्यारी. ती त्याला चारचौघांत झापते. तुमच्या फ्लेक्सवर प्यारी कुठाय?

आता दिग्दर्शकाच्या भक्तांकडे वळतो; त्यांनाही सुट्टी नाही. ३० नोव्हेंबर २००८. मुंबईवरच्या २६/११ च्या दहशतवादी हल्ल्यात ताज हॉटेलमधला गोळीबार थांबून जेमतेम एक दिवस झालेला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख, म्हणजे आमचे लातूरचे, ताजची पाहणी करायला गेले. सोबत मुलगा रितेश आणि हेच रामगोपाल वर्मा. सिनेमाचा काही संबंध नव्हता, असे खुलासे झाले. मग दिग्दर्शकाचं तिथं काम काय होतं? लोक संतापले, खुर्ची गेली आणि ती नांदेडच्या अशोक चव्हाणांकडे आली. पुढं २०१३ मध्ये वर्मांचा २६/११ वरचा सिनेमाही आला. गल्लीत उभं राहून मुंबई दाखवणारा माणूस दहा वर्षांत सत्तेच्या लवाजम्यात सामील झाला. 'सत्या' थोर आहे, म्हणून याला माफी मिळत नाही.

पण माझा खरा राग फ्लेक्सचे पैसे देणाऱ्यांवर आहे. पोरांना 'किंग' म्हणायचं, मिरवणुकीत नाचवायचं, अंगावर केसेस घ्यायला लावायच्या आणि निकालानंतर ओळख विसरायची. सिनेमात भिकूचा साथीदार सत्या गणपतीच्या गर्दीत भाऊला भोसकतो खरा. पण तोवर प्यारी विधवा झालेली असते आणि सत्याही वाचत नाही. पोरांनो, सिनेमा शेवटपर्यंत बघा आणि तुमच्या फ्लेक्सवरून आधी साहेबांचा फोटो काढा. वाढदिवसाला आलेले साहेब तुमच्या जामिनाला येणार नाहीत.