माझं पान, तिचं पान

लग्नानंतर कुठे जाणार, असं कुणी विचारलं की मी "कोलकात्याला" असं सांगायचे. समोरची बुचकळ्यात पडायची. मधुचंद्राला कुणी कोलकात्याला जातं का? ज्यांना माझं खाणं माहीत होतं त्यांचा पुढचा प्रश्न, "आणि तिथं तू खाणार काय?" प्रश्न रास्त होता. मधुचंद्रातला मधसुद्धा न खाणारी बाई मी! मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध-दही-तूपही नाही. याला आता 'व्हिगन' असा शब्द रूढ झाला आहे.

कोलकाता मी पहिल्यांदा पाहिलं ते २००६ साली, स्वायत्त स्त्री-संघटनांच्या राष्ट्रीय संमेलनाला गेले तेव्हा. चोवीस वर्षांची होते. देशभरातल्या बाया, गाणी, घोषणा, रात्र रात्र चालणारे वाद. त्या शहराच्या मी प्रेमात पडले. मालवणकडची, मासळीवर वाढलेली मुलगी मी. हिलसा, काठी रोल, मातीच्या भांड्यातलं मिष्टी दोई, सगळ्यावर ताव मारला होता.

त्यानंतर दहा वर्षांनी मी हे सगळं सोडलं. गाईला वारंवार गाभण ठेवायचं, वासराला तोडायचं, गोऱ्हा झाला तर वाऱ्यावर सोडायचं, हे जवळून पाहिल्यावर दूध घशाखाली उतरेना. बाईच्या कुशीवर कुणाची सत्ता, हा प्रश्न आपण इतकी वर्षं विचारतो आहोत. तो माझ्यापुरता गोठ्यापर्यंत जाऊन पोचला, इतकंच.

तर त्रेचाळिसाव्या वर्षी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि दोघं कोलकात्याला गेलो. जोडीदार सगळं खातो. निघताना एका नातेवाईक बाईने प्रेमाने समजावलं, "चार दिवस तरी त्याच्यासाठी खा गं." म्हणजे पान माझं, पण त्यात काय असावं हे लग्नाने ठरवायचं!

उपाशी मात्र राहिले नाही. मोहरीच्या तेलातली झालमुरी, चिंचेच्या पाण्याचा फुचका, दुधाऐवजी लिंबू पिळलेला लेबू चा. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये बिनदुधाच्या कॉफीला 'इन्फ्यूजन' म्हणतात, ती मागितली तर वेटरने मान वरही केली नाही. मिठाईच्या दुकानांसमोर मात्र हात चोळत उभी राहिले. छेना हा त्या मिठाईचा प्राणच.

खरा पेच पडला तो मैत्रिणीच्या घरी. २००६च्या संमेलनातली ही मैत्रीण. तिच्या आईने नव्या जोडप्यासाठी मासा आणला होता. मी नको म्हटलं तर तिचा चेहरा उतरला. मासा न आवडणारी पाहुणी तिने चालवून घेतली असती. पण नव्या सवाष्णीच्या पानात मासा नाही, हे तिला अशुभ वाटलं. तिथल्या उच्चवर्णीय घरांमध्ये बिनमाशाचं 'निरामिष' पान वाढलं जायचं ते विधवेला. मासा नाही, कांदा-लसूण नाही, मसुराची डाळही नाही. दिवसातून एकदाच भात. एकादशीला पाण्याचा घोटही नाही.

माझ्यासाठी स्वयंपाक केला तो मैत्रिणीच्या पिशिमाने, म्हणजे आत्याने. वय चौऱ्याऐंशी. शुक्तोत शेवटी दूध घालतात, ते तिने वगळलं. केळफुलाची भाजी, खसखशीतले बटाटे, बिनतुपाची हरभऱ्याची डाळ. इतकं चविष्ट जेवण मी क्वचित जेवले असेन. वाढता वाढता तिने विचारलं, "तुला हे कुणी सोडायला लावलं? नवऱ्याने? सासूने? गुरूने?" मी म्हटलं, "कुणीच नाही. मीच सोडलं." तिने पुन्हा विचारलं, "स्वतःहून?" मग म्हणाली, "साठ वर्षं मी हेच खातेय. मला कुणी विचारलं नव्हतं."

ती विधवा झाली तेव्हा चोवीस वर्षांची होती. त्याच वयात मी त्याच शहरात घोषणा देत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेज स्क्वेअरमधल्या विद्यासागरांच्या पुतळ्याजवळ बराच वेळ बसलो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्याच वर्षी याच शहरात त्या कायद्याखालचं पहिलं लग्न लागलं. पण पिशिमाच्या पानापर्यंत तो कायदा पोचला नाही. आणि त्या पानातल्या ज्या पदार्थांचं आज हॉटेलांत कौतुक होतं, त्यांतले कितीतरी अशाच बायकांनी घडवले. जे हाताशी ठेवलं गेलं, त्याच्या साली-देठांतूनही त्यांनी चव काढली.

१९१२ साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. त्यामागचं एक कारण म्हणजे गाई-म्हशींच्या छळाविषयी कोलकात्याहून आलेलं साहित्य. पुढे आजारपणात, शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी, ही वाट कस्तुरबांनी सुचवली. पुरुषाने पानातून काही वगळलं की ते तत्त्व ठरतं. बाईने वगळलं की एकतर नखरा, नाहीतर कुणाचातरी हुकूम.

परत आल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. माझ्या नकाराचे सोबती मला निवडून घ्यायचे आहेत. मी मांस खात नाही म्हटलं की काहींचा चेहरा खुलतो, 'आपल्यातली' म्हणून. मांस खाणाऱ्यांना घर भाड्याने न देणारे ते हेच. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यात स्वस्त मांसावर गुजराण करणाऱ्यांचं पान हिसकावलं गेलं. त्याचं समर्थन माझ्या नावावर कुणी जमा करू नये. दोन म्हशींवर मुलांच्या फिया भरणाऱ्या बाईला मी दूध विकू नको, असंही सांगणार नाही. जनावरांविषयी मला वाटतं ते मी बोलत राहीन, वादही घालीन. पण दुसरीच्या पानात हात घालणार नाही.

पिशिमाचं पान आणि माझं पान, पदार्थ जवळजवळ तेच होते. तिच्यासाठी ती शिक्षा होती, माझ्यासाठी निवड. ही निवड करण्याइतकी मोकळीक मला मिळाली, कारण माझ्या आधीच्या कितीतरी जणी भांडल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी तुमच्या पानात काय पडावं हे कोण ठरवतं? शेवटी उरलेलं कोण खातं? जरूर लिहून कळवा.