दोनशेचा टी-शर्ट आणि वर्ध्याचा हिशेब

हल्ली तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात दोनशे रुपयांत टी-शर्ट मिळतो. मजुराच्या पोराला दिवाळीत कोरा कपडा घालता येतो, याचा मला मनापासून आनंद आहे. पण भाव एवढा खाली आणताना वाटा कोणाचा कापला, हे वर्धेकराने विचारायलाच हवं.

कारण कपड्याचा भाव उलट्या टोकाने मांडायचा प्रयोग याच गावात झाला. जमनालाल बजाज हे इथले कापसाचे मुरलेले व्यापारी. 1925 मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला. गांधीजी अध्यक्ष, जमनालालजी खजिनदार. गावोगावच्या कातणाऱ्या, विणकर आणि शहरातली खादी भांडारं अशी साखळी उभी राहिली. गिरणीच्या कापडापुढे खादी महाग पडे, म्हणून ती स्वस्त करायची धडपड चाले, आणि त्यात कातणारीच्या हाती जेमतेम पैसे पडत. ऑक्टोबर 1935 मध्ये संघाने वर्ध्यातच ठरवलं, की आठ तास नीट काम करणाऱ्याला पोटापुरतं अन्न आणि वर्षाला 20 वार कापड घेता येईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महागणार, गिऱ्हाईक तुटणार, हे दिसत असूनही ठरवलं. कपड्याच्या धंद्यात याहून धाडसी निर्णय मला माहीत नाही.

आता आजचं गणित. एका सुती टी-शर्टला साधारण अर्धा किलोभर कापूस लागतो. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, म्हणजे शेतकऱ्याला टी-शर्टमागे चाळीसेक रुपये. तेही हमीभाव पदरात पडला तर. त्यातूनच बियाणं, फवारणी आणि किलोवर वेचणी करणाऱ्या बाईची मजुरी. उरलेल्या पैशात जिनिंग, सूत, विणाई, रंग, वाहतूक, दुकानाचं भाडं. शिवणारीच्या वाट्याला काय येतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

गांधीजींनी 1938 मध्ये उद्घाटन केलेल्या वर्ध्यातल्या मगन संग्रहालयात आजही सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगाची खादी मिळते. ती गरिबाला परवडत नाही, हे मान्य. ज्यांना परवडते त्यांनी वर्षाला एक तरी सदरा तिथून घ्यावा. आणि मोठ्या दुकानदारांनी किमतीच्या चिठ्ठीवर शिवणारीची मजुरीही छापावी.