आधी आम्हाला विचारा, मग जिनिव्हाला कळवा

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली, तेव्हा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आम्हा कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. मी त्यात सामील झालो नाही. मी प्रेस शॉप चालवतो. गाड्यांच्या सीटखाली बसणारे पत्र्याचे ब्रॅकेट आमच्याकडे निघतात. ऑर्डर अंगावर आली की माणसं जास्त वेळ थांबायला हवी असतात, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही हा निर्णय मला आपला वाटला नाही. तो घेण्याआधी ना मला कुणी विचारलं, ना माझ्या प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला.

निर्णयात कामगाराच्या लेखी संमतीची अट आहे. तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर जाईल तीही संमतीनेच. ही संमती कशी मिळते ते वसाहतीत रोज दिसतं. रुजू व्हायच्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर कागदांचा गठ्ठा पुढे करतो: आधारची झेरॉक्स, पासबुकचं पहिलं पान, पीएफचा फॉर्म, गेटपास. त्यात आणखी एक कागद सरकवायला कितीसा वेळ लागतो? सुरगाण्याहून किंवा बिहारमधून आलेला, उसने पैसे घेऊन खोलीचं डिपॉझिट भरलेला पोरगा त्या कागदावर सही करायला नकार देईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या गेटवर येऊन उभं राहावं. सगळ्यांनी मिळून, आपल्या प्रतिनिधीमार्फत, समोरासमोर बसून ठरवलं तर त्या ‘हो’ला काही किंमत.

असं बसण्याचं वचन भारताने जगाला दिलेलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार १९७६ सालचा, आणि आपण तो २७ फेब्रुवारी १९७८ रोजी स्वीकारला. त्याचं म्हणणं साधं आहे. नव्या मानकाबद्दल संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयातून प्रश्नावली आली तर उत्तर धाडण्याआधी मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांशी बोला. तिथे मंजूर झालेला करार संसदेपुढे ठेवताना बोला. जे करार आपण अजून स्वीकारलेले नाहीत ते ठरावीक काळाने पुन्हा बाहेर काढा आणि बोला. स्वीकारलेल्या करारांवर जे अहवाल पाठवता, त्यांतून उभ्या राहणाऱ्या प्रश्नांवरही बोला. निदान वर्षातून एकदा. दोन्ही बाजूंना सारखं स्थान द्या, आणि आपले प्रतिनिधी त्यांचे त्यांना निवडू द्या.

१२ तासांच्या निर्णयाला हा करार थेट लागू होतो असं मी म्हणत नाही. पण कामाच्या तासांचा करार हाच श्रम संघटनेचा पहिलावहिला करार होता, आणि तो भारताने १९२१ सालीच मान्य केला. त्याची हकीकत मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. त्यांना सरकारनेच नेमलं होतं, कारण नाव सुचवू शकेल अशी देशव्यापी कामगार संघटनाच नव्हती. परिषदेने सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास ठरवले आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळं कलम घालून ६०. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला, मुंबईत आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली. परिषदेला कोण जाणार हे आपण ठरवायचं, ही तिच्यामागची एक मोठी प्रेरणा होती. ४८ तास आपल्याकडे कायद्यात यायला मात्र १९४६ उजाडावं लागलं.

त्याआधी १९४२ च्या ऑगस्टमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद बसली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं हाती घेऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. तीच परंपरा पुढे भारतीय श्रम परिषद म्हणून चालली. या परिषदेने काय दिलं? १९५७ च्या पंधराव्या परिषदेने किमान वेतन कसं मोजायचं ते ठरवलं: कुटुंबामागे तीन प्रौढांइतकं खाणं, माणशी २७०० कॅलरी, वर्षाला ७२ वार कापड. त्या ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं. पण तिन्ही बाजूंनी तो मानला होता, म्हणून तो टिकला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची भर घातली. नव्या वेतन संहितेच्या मसुदा नियमांत ६६ मीटर कापड लिहिलेलं आहे, ते तेच ७२ वार.

ही परिषद २०१५ च्या जुलैमध्ये सेहेचाळिसाव्यांदा भरली. पुढची २०१८ साठी ठरली आणि पुढे ढकलली गेली. २०१५ नंतर दशक उलटलं तरी ती पुन्हा भरली नाही. आणि याच काळात २९ केंद्रीय कामगार कायदे मोडून चार संहिता आल्या. म्हणजे ज्या वेळी बसायची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच वेळी बसणं बंद.

सल्लामसलतीत वेळ जातो, असं आमच्याच लोकांकडून मी ऐकतो. मग हिशेब करू. वेतन संहिता २०१९ ला मंजूर झाली, उरलेल्या तीन २०२० ला, आणि अंमल सुरू झाला २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली पाच वर्षं आम्ही काय केलं? बेसिक एकूण पगाराच्या निम्म्यावर न्यायचा की नाही, ग्रॅच्युइटीची तरतूद किती धरायची, हे सीएला विचारत बसलो. तमिळनाडूने एप्रिल २०२३ मध्ये १२ तासांचं विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतलं, आणि कामगार संघटना व मित्रपक्ष उठल्यावर १ मे रोजी ते मागे घेत असल्याचं जाहीर केलं. न विचारता केलेल्या गोष्टीने कुणाचा वेळ वाचला ते मला दाखवा.

आता, विचारायचं कुणाला हा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळून चालणार नाही. केंद्रीय कामगार संघटनांच्या सभासदांची पडताळणी झाली ती २००२ अखेरचे आकडे धरून. तेव्हा आमच्या वसाहतीत कायम कामगार भरपूर होते. आज ठेक्यावरची, शिकाऊ म्हणून घेतलेली पोरं पाळ्या सांभाळतात, आणि त्यांतली फार थोडी कुठल्या युनियनच्या वहीत आहेत. मालकांची बाजूही काही वेगळी नाही. जिनिव्हाला मालकांचे प्रतिनिधी पाठवणाऱ्या मंडळात मोठ्या उद्योगांच्या दोन संघटना आणि सरकारी उपक्रमांची एक आहे. तिथल्या माणसाला माझ्या अडचणी सांगणार कोण? आमच्यापर्यंत आंतरराष्ट्रीय मानकं पोचतात ती परदेशी ग्राहकाच्या ऑडिटमधून. ऑडिटर इंग्रजीतली यादी घेऊन येतो, वयाचे दाखले, ओव्हरटाइमचं रजिस्टर, आग विझवायचे सिलिंडर तपासतो आणि संध्याकाळी निघून जातो. त्या यादीतलं बरंचसं श्रम संघटनेच्या करारांतून आलेलं असतं. म्हणजे जे माझ्या सरकारने मला विचारून ठरवायचं, ते मला गिऱ्हाईक सांगतं.

विचारण्याने काय मिळतं, ते माझ्या शॉपमधलं सांगतो. पॉवर प्रेसवर दोन हातांची बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही, म्हणजे हात डायच्या बाहेर राहतात. आमच्या एका प्रेसवर पाळीच्या उत्तरार्धात एक बटण चिंधीने आवळून ठेवलेलं सापडायचं. सुपरवायझर दंडाची भाषा करायचा, ऑपरेटर मान खाली घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी. शेवटी सगळ्यांना चहाला बसवलं. आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, “शेठ, बटणं खांद्याला येतात. दोन-तीन तासांनी दंड भरून येतात. कोपराच्या उंचीला घ्या, कुणी हात लावणार नाही.” वेल्डरने अँगलचे दोन तुकडे जोडून बटणं खाली घेतली. चिंधी गेली. त्याच बैठकीत मामांनी आणखी एक सांगितलं, जे मला रिजेक्शनच्या रजिस्टरवरूनही कळायला हवं होतं: पाळीच्या शेवटच्या दोन तासांत डोळ्याला पत्र्याच्या कडेचा बर दिसत नाही आणि हात डायकडे जरा उशिरा मागे येतो. १२ तासांचा निर्णय घेणाऱ्यांनी हे वाक्य ऐकलेलं असायला हवं होतं.

कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा १५५ क्रमांकाचा करार १९८१ चा आहे. जून २०२२ मध्ये श्रम संघटनेने त्याला मूलभूत करारांच्या पंक्तीत बसवलं. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. स्वीकारायचा की नाही, स्वीकारला तर लहान कारखान्यांना किती मुदत आणि सुरक्षेच्या सेन्सरसाठी किती अनुदान, यावर बोलायला १९७८ च्या त्या वचनाने आपण बांधील आहोत. मला तो स्वीकारलेला हवा आहे. माझ्या शेजारच्या कारखानदाराला भीती वाटते की त्यातून नवा इन्स्पेक्टर दारात येईल. त्याची भीतीही त्याच बैठकीत मांडली जायला हवी, नाहीतर तो मागच्या दाराने वाट शोधेल.

महाराष्ट्राला असं एकत्र बसणं जमत नाही असं नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने जी मंडळं उभी राहिली त्यांत सरकार, मालक, कामगार तिघेही बसतात. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला मजुरी देतं, आणि लेव्हीतून त्याचा पीएफ, बोनस, दवाखाना चालतो. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांच्या लढ्यातून हमालाला हे मिळालं. माथाडीच्या नावाखाली गेटवर दमदाटी करणारे लोक आहेत, त्यांचा वसाहतीला त्रास आहे, मीही तक्रार केली आहे. पण ज्या हमालाला कुणी कायमचा मालक नव्हता त्याला पेन्शनीच्या वयात पीएफ मिळाला, तो या तिघांच्या बैठकीमुळे.

म्हणून मागणी अशी. केंद्राने श्रम परिषद बोलवावी, आणि स्वीकारायचे राहिलेले करार विषयपत्रिकेवर घ्यावेत, १५५ सर्वांत आधी. राज्याने १२ तासांचे नियम लागू करण्याआधी प्रत्येक औद्योगिक जिल्ह्यात कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात बैठक घ्यावी. मसुदा मराठीत आणि हिंदीत निदान महिनाभर आधी गेटवर लागावा. युनियनसोबत ठेक्यावरच्या पोरांनी निवडलेली दोन माणसं बोलवावीत, आणि मोठ्या कंपन्यांच्या एचआर मॅनेजरसोबत आमच्यासारखे वीस-चाळीस माणसांचे कारखानदार. बैठक सकाळी अकराला ठेवू नये, पहिली पाळी सुटल्यावर ठेवावी. अकरालाच ठेवायची असेल, तर मामांना त्या दिवसाचा पगार देऊन पाठवायची माझी तयारी आहे.