घरात लहान मूल असताना पीजीची सीट कशी निवडायची?

नीट पीजीचा निकाल लागला की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच त्या चर्चा सुरू होतात. या रँकला मेडिसिन मिळेल का? मागच्या वर्षी रेडिओलॉजी कितीवर बंद झालं? मुंबई मिळाली तर पुणे सोडायचं का?

या गर्दीत काही जणांचा प्रश्न वेगळाच असतो. घरात वर्ष-दोन वर्षांचं बाळ आहे, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी दुसऱ्या शहरात आहे, आजी-आजोबा तिसऱ्याच गावात आहेत. अशा वेळी कॉलेजांची यादी कशी भरायची?

हे काही मोजक्या लोकांपुरतं नाही. साधा हिशोब करा. अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश, साडेपाच वर्षांचा कोर्स आणि इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर एक वर्षाचा बाँड, मग नीट पीजीसाठी एखाद-दुसरं वर्ष. पीजी सुरू होईपर्यंत सत्ताविशी गाठलेली असते आणि पुढे तीन वर्षं रेसिडेन्सी. लग्न आणि पहिलं मूल यांचंही वय हेच. म्हणजे हा पेच व्यवस्थेच्या वेळापत्रकातच आहे.

ही निवड इतकी निर्णायक का?

कारण ती नंतर बदलता येत नाही. पीजीच्या विद्यार्थ्याला एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बदली मिळत नाही. बँकेत किंवा शाळेत नोकरी असेल तर बदलीचा अर्ज तरी करता येतो. इथे तो दरवाजाच नाही. तीन वर्षं एकाच ठिकाणी काढायची किंवा सीट सोडायची.

सीट सोडणंही स्वस्त नसतं. केंद्राच्या काउन्सेलिंगमध्ये पहिल्या फेरीत मिळालेली सीट विनादंड सोडता येते, दुसऱ्या फेरीत अनामत रक्कम जाते आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये नियम आणखी कडक होतात. प्रवेश पक्का झाल्यावर सीट सोडली तर अनेक राज्यांमध्ये लाखोंचा दंड असतो. हा दंड रद्द करावा, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सुचवलं होतं. तणावाखाली असलेल्या विद्यार्थ्याला हा दंड अडकवून ठेवतो, हा त्यामागचा मुद्दा होता. पण निर्णय राज्यांच्या हातात आहे. त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यात २०२५ मध्ये एक बदल झाला. २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने पीजी मेडिकलमधलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. आपल्याच संस्थेत शिकलेल्यांसाठी मर्यादित जागा राखण्याची मुभा मात्र राहिली. मूल आजीकडे राहील म्हणून ‘आपल्या राज्यात’ सीट हवी असणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. तुमचं घर कुठे आहे यापेक्षा तुम्ही एमबीबीएस कुठून केलं, याला आता जास्त वजन आहे.

कामाचे तास: कागद आणि वॉर्ड

पालक असलेल्या रेसिडेंटसाठी सगळ्यात मोठा प्रश्न पैशांचा नसतो, वेळेचा असतो. नियम काय सांगतात ते बघू.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं म्हटलं होतं. एनएमसीच्या २०२३ च्या पीजी नियमावलीत आकडा नाही. ‘वाजवी’ कामाचे तास, विश्रांतीसाठी ‘वाजवी’ वेळ आणि कामाची निकड बघून आठवड्याची एक सुट्टी, एवढंच आहे. पुढे २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एनएमसीने नेमलेल्या कृती दलाने शिफारस केली, की रेसिडेंटने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम करू नये, एक साप्ताहिक सुट्टी मिळावी आणि रोज ७ ते ८ तास झोप व्हावी.

आता गंमत बघा. १९९२ मध्ये मर्यादा ४८ तासांची होती. ३२ वर्षांनी सुधारणा म्हणून जो आकडा सुचवला गेला, तो त्यापेक्षा २६ तासांनी जास्त आहे. यावरूनच प्रत्यक्षात वॉर्डात काय चालत असेल, याचा अंदाज येतो. कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रेसिडेंट डॉक्टरांच्या सलग ३६ तासांच्या ड्युट्यांबद्दल चिंता व्यक्त केली होती.

समजा ७४ तासांची शिफारस तंतोतंत पाळली. आठवड्यात १६८ तास असतात. त्यातले ७४ ड्युटीचे आणि रोज सात याप्रमाणे ४९ झोपेचे. उरले ४५. त्यात आंघोळ, जेवण, प्रवास, थिसिस आणि परीक्षेचा अभ्यास. त्यातून उरेल तो वेळ बाळाचा. ही झाली आदर्श परिस्थिती.

शाखा आधी की कॉलेज आधी?

नेहमीचा सल्ला असतो, ‘आधी शाखा बघ, मग कॉलेज.’ पालकांसाठी यात एक भर घालावी लागते. शाखा ठरवताना रात्रीच्या ड्युट्याही मोजा.

मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, ऑर्थो, बालरोग या शाखांमध्ये इमर्जन्सी आणि नाइट ड्युटी हा कामाचा गाभाच आहे. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, त्वचारोग, मानसोपचार यांत रात्रीचा भार साधारणपणे कमी असतो. पण एखादी शाखा निव्वळ हलकी आहे म्हणून घेणं हाही धोकाच. रेसिडेन्सी तीन वर्षांची असते, शाखा तीस वर्षांची. ज्या कामात मन नाही ते मुलासाठी निवडलं, तर तो हिशोब पुढे कधीतरी घरातच निघतो.

शिवाय एकाच शाखेत दोन कॉलेजांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. युनिटमध्ये रेसिडेंट किती, कॉल किती दिवसांनी येतो, ड्युटीनंतर दुसऱ्या दिवशी खरंच घरी सोडतात का, यावर आयुष्य ठरतं. आणि यातलं काहीही कटऑफच्या तक्त्यात दिसत नाही.

बाळ कुणाजवळ राहणार?

कॉलेजने पीजी विद्यार्थ्यांना राहण्याची सोय देणं बंधनकारक आहे, पण विद्यार्थ्याने होस्टेलवरच राहिलं पाहिजे असं नाही. कुटुंबासोबत बाहेर राहायचं असेल तर हा नियम लक्षात ठेवा. नियमाने घर मिळत नाही, हेही खरंच. होस्टेलची खोली बहुतेक वेळा एकट्या माणसाचा किंवा दोन रेसिडेंटचा विचार करून दिलेली असते. बाळ आणि त्याला सांभाळणारी आजी तिथे कुठे राहणार?

मग भाड्याची खोली आली. विद्यावेतनाचे आकडे इथेच फसवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने रेसिडेंट डॉक्टरांच्या विद्यावेतनात १० हजारांची वाढ मंजूर केली. सरकारी कॉलेजांचं विद्यावेतन मुंबईत आणि लहान शहरात जवळपास सारखंच, पण भाडं सारखं नाही. परळ किंवा सायनजवळचं भाडं आणि मिरज किंवा अंबाजोगाईचं भाडं एकाच वहीत लिहून बघा.

पाळणाघराचं काय? कायद्यानुसार ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. पण रेसिडेंट हा विद्यार्थी की कर्मचारी, या जुन्या घोळात अनेक हक्क अडकतात. काम करून घेताना तो कर्मचारी असतो, सवलत मागितली की विद्यार्थी होतो. म्हणून ‘कायद्यात आहे’ यावर विसंबू नका. कॅम्पसमध्ये पाळणाघर आहे का आणि रेसिडेंटची मुलं तिथे घेतात का, हे थेट विचारा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. जिल्हा रेसिडेन्सी कार्यक्रमाखाली प्रत्येक एमडी-एमएस विद्यार्थ्याला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. म्हणजे घराशेजारचं कॉलेज मिळालं तरी तीन महिने दुसरीकडे जावं लागू शकतं. त्या तीन महिन्यांत मूल कुणाकडे, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

प्रसूती रजा घेतली तर?

रजा मिळते. पीजी नियमावलीत सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती आणि पितृत्व रजेची तरतूद आहे. वर्षाला किमान २० दिवसांची पगारी किरकोळ रजाही आहे. पण परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस झाले तर तेवढा कोर्स लांबतो. कोर्स लांबला की परीक्षा पुढच्या बॅचसोबत जाऊ शकते, त्यापुढे बाँड आणि सुपर स्पेशालिटीची परीक्षाही सरकते. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजमधून पीजी केल्यावर पुन्हा एक वर्षाची बाँड सेवा असते आणि ती टाळायची तर दंड ५० लाखांचा. तेव्हा हिशोब तीन वर्षांचा न करता चार ते साडेचार वर्षांचा करा. आज दोन वर्षांचं असलेलं मूल तोवर शाळेत जायला लागलेलं असेल.

एक उदाहरण

समजा, एका डॉक्टरला दीड वर्षाची मुलगी आहे. नवरा पुण्यात नोकरीला, आई-वडील सांगलीत. तिच्यापुढे तीन पर्याय आहेत: मुंबईच्या मोठ्या कॉलेजात मेडिसिन, मिरजेच्या सरकारी कॉलेजात मेडिसिन आणि पुण्यात पॅथॉलॉजी.

रँकच्या हिशोबाने मुंबई. तिथे पेशंट भरपूर, अनुभव मोठा, नाव मोठं. पण मुलगी सांगलीत राहणार आणि आई तिला महिन्यातून एखाद-दोनदा भेटणार. पुण्यात तिघं एकत्र राहतील, पण तिला मेडिसिन सोडावं लागेल. मिरजेत शाखा मनासारखी, घर शेजारच्या शहरात, नाइट ड्युटी असली तरी मुलगी आजीजवळ. दूर राहील तो नवरा, पण त्याला शनिवार-रविवार सुट्टी असते आणि बदलीचा प्रयत्नही करता येतो.

बरोबर उत्तर सगळ्यांसाठी एक नाही. पण कुणी हलायचं, हा प्रश्न विचारण्याची पद्धत सारखी असू शकते. ज्याच्या जागेला बदली नाही तिला धरून बाकीच्यांनी हलायचं. बहुतेक घरांत होतं उलट. नवऱ्याची नोकरी पक्की धरली जाते आणि डॉक्टर बायकोने यादीच छोटी करायची असते.

यादी लॉक करण्याआधी

सध्या तिथे असलेल्या किमान दोन रेसिडेंटशी बोला. त्यातली एक शक्यतो मूल असलेली असावी. त्यांना एवढं विचारा:

• पहिल्या वर्षी रात्रीच्या ड्युट्या किती आणि ड्युटीनंतर सोडतात का?
• मागच्या दोन-तीन वर्षांत कुणी प्रसूती रजा घेतली का? परत आल्यावर विभागाने कसं वागवलं?
• बाहेर राहायला परवानगी सहज मिळते का?
• विद्यावेतन दर महिन्याला वेळेवर खात्यात येतं का? खासगी कॉलेजच्या बाबतीत हा प्रश्न नक्की विचारा.
• जिल्हा रेसिडेन्सीचं ठिकाण किती लांब असतं?

दुसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे अजून कुणी घेतलीच नाही’ असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच आहे.

खरं तर ही चौकशी प्रत्येक डॉक्टरला खासगीत, ओळखी काढून करावी लागू नये. कटऑफ जसा वेबसाइटवर दिसतो, तसे प्रत्येक विभागाचे ड्युटीचे तास, पाळणाघराची सोय आणि दिलेल्या प्रसूती रजा दिसल्या तर निवड डोळसपणे होईल. शिवाय जी कॉलेजं माणसांना नीट वागवतात, त्यांच्याकडे चांगल्या रँकचे डॉक्टर आपोआप वळतील. तोपर्यंत हा सगळा भार घरावरच आहे. निदान तो कोण किती उचलणार, हे यादी लॉक करण्याआधी घरात मोकळेपणाने बोलून घ्या.